अकरा वाजता सात ठोके

पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी सीएचएम होतो, म्हणजे कंपनी हवालदार मेजर. कंपनीत ओसी साहेब, म्हणजे कंपनीचे कमांडर, बाप असतात आणि सीएचएम सासू. शंभरावर जवान, त्यांची दाढी, त्यांचे बूट, त्यांची गार्ड ड्यूटी, त्यांची रजा, सगळं सासूच्या नजरेखालून जातं. ऑर्डर अशी होती: बटालियन एक वर्षासाठी शांतिसेनेत, आफ्रिकेच्या पोटातल्या एका देशात. देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

पुढे मी सुभेदार होऊन निवृत्त झालो, आणि त्या वर्षाबद्दल हडपसरच्या आमच्या सोसायटीत पुष्कळ सांगितलं आहे. सकाळी साडेसहाला बागेत आमचा कट्टा भरतो. तिथले डास डोक्यावर हेल्मेट घालून यायचे, हे सांगितलं आहे. एक गोरिला रोज पीटीला तिसऱ्या रांगेत उभा राहायचा आणि माझ्यापेक्षा बऱ्या बैठका काढायचा, हेही सांगितलं आहे. केळकर सर हे सगळं लक्षात ठेवतात. सर नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. जन्म शनिवार पेठेतला. मुलाच्या फ्लॅटपायी हडपसरला आले आणि त्याला ते अजून बदली म्हणतात.

"सुभेदार, त्या गोरिलाला रजा किती मिळायची हो?"

"साठ दिवस ॲन्युअल, तीस कॅज्युअल. आपल्यासारखीच."

"घरी सुखरूप पोचल्याचं कळवायचा का?"

"कार्ड टाकायचा, सर."

"आपण कळवत नव्हतात, असं वहिनी म्हणाल्या."

असं आमचं चालतं.

या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीनं ज्येष्ठांची वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय सरांनीच काढला: परकी फौजांनी अस्थिर देशातून कधी परतावं? सर एका बाजूला, ठरलेल्या तारखेला परतावं. मी दुसऱ्या बाजूला, काम संपेपर्यंत थांबावं. प्रत्येकाला पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला एक ठोका, पाचव्याला दोन. वेळ पाहायला वानखेडे, कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे.

घंटा कुठली, हे मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या सौभाग्यवतींनी ती माळ्यावरून काढून दिली. पितळेची, परातीएवढी, गोणपाटात बांधलेली. ही घंटा एका टोळीच्या राजानं मला भेट दिली, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. खरं म्हणजे ती मी परदेशी जाण्याआधीच्या रजेवरून युनिटला परतताना पुण्याच्या तांबट आळीतून घेतली होती. सोसायटीनं ती स्टेजवर हार घालून टांगली.

मी गोरिलापासून सुरुवात केली. लोक हसत होते. चार मिनिटं झाली. वानखेड्यांनी मोगरी उचलून एक ठोका दिला.

मी थांबलो.

"बोला ना जी," वानखेडे म्हणाले. "अजून एक मिनिट हाय तुमचं. काऊन थांबले?"

मी खाली बसलो. लोकांना तोही विनोद वाटला. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सरांनी गोरिलाचा विषय काढला नाही. उठताना म्हणाले, "सुभेदार, आपलं पाचवं मिनिट शिल्लक आहे. स्मरणिकेत लिहून द्या. आणि गोरिला नको."

तर हे पाचवं मिनिट आहे. वेळा माझ्या फील्ड डायरीतल्या आहेत. यात काही फुगवलेलं नाही.

आमच्या कंपनीचा बेस एका टेकडीवर होता. काटेरी तार, वाळूच्या गोणी, पांढऱ्या रंगाच्या गाड्या, आमच्या डोक्यावर निळ्या टोप्या. टेकडीखाली गाव. गावाला चार वाड्या. तीन अलीकडे, चौथी ओढ्यापलीकडे, पायी पाऊण तासावर. उत्तरेला जंगल. जंगलात हत्यारबंद टोळी होती. तिला एक लांबलचक नाव होतं. आम्ही तिला जंगलवाले म्हणायचो.

दिवस ठरलेला. साडेपाचला पीटी. सातला पाणी आणणाऱ्या बायकांबरोबर गस्त. गुरुवारी बाजार, त्या दिवशी रस्त्यावर दोन गाड्या जास्त. आपल्याकडे प्रत्येक युनिटच्या क्वार्टर गार्डवर, म्हणजे मुख्य पहाऱ्यावर, दर तासाला ठोके पडतात. पहाऱ्यावरचा संत्री घड्याळ पाहतो, तितके ठोके देतो, मोगरी खुंटीला अडकवतो आणि जागेवर जातो. परदेशात आलो म्हणून ही रीत सोडायची नाही, असं मी ठरवलं आणि तांबट आळीची घंटा गार्डच्या चौकटीला टांगली.

महिन्याभरात सगळं गाव त्या घंटेवर चालायला लागलं. आठ ठोके पडले की शाळा भरायची. पाच पडले की बायका शेतातून परतायच्या. शाळेतली पोरं ठोके मोजून आकडे शिकली.

शाळेचा मास्तर होता बोनिफास. तोच आमचा दुभाष्या. उंच, सडपातळ, एकच कोट, त्याच्या खिशात कायम खडू. इंग्रजी चांगलं बोलायचा. बरेच दिवस त्याला वाटत होतं की सीएचएम हे माझं नावच आहे.

आणि माझ्या गाडीवर होता नाईक दत्ता खोमणे, सासवडच्या पुढच्या एका गावचा. वडील टेम्पो चालवायचे. दत्ता माझ्या थापांचा साक्षीदार. मी म्हटलं दहा सिंह होते, की तो म्हणणार, "बारा, साहेब. दोन झाडामागं होते."

एका गुरुवारी बाजारात मामा एलिझानं मला विचारलं की तुम्ही किती दिवस आहात. तिकडे वयस्क बाईला मान द्यायचा तर मामा म्हणतात. चौथ्या वाडीत तिचा शब्द चालायचा. मी टेकडीकडे बोट केलं.

"ती घंटा सात डोंगर ऐकू जाते. ती वाजते आहे तोवर आम्ही आहोत. आणि आम्ही आहोत तोवर तुमच्या कोंबडीच्या पिसालाही कुणी हात लावणार नाही."

बोनिफासनं भाषांतर केलं. सात डोंगरांचे त्यानं दोन केले. तो प्रामाणिक माणूस होता. पुढचं मात्र जसंच्या तसं सांगितलं, कारण ते त्यालाही खरं वाटलं. दत्ता मागून म्हणाला, "पिसालाच काय, अंड्यालासुद्धा." बाजार हसला. मामा एलिझा हसली नाही. तिनं ते ऐकून ठेवलं.

अकराव्या महिन्यात आदेश आला. बेस बंद. तारीख ठरलेली. कुठल्या तरी मोठ्या शहरात लांब टेबलाभोवती बसून ती ठरली होती. आमच्या जागी त्या देशाची सरकारी फौज येणार, एक कंपनी. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी कळलं की ती कंपनी तीन दिवस उशिरा पोचणार आहे.

ओसी साहेबांनी माझ्यासमोर बटालियनला रेडिओ लावला. टायगर म्हणजे बटालियन, अल्फा म्हणजे आम्ही.

"अल्फा फॉर टायगर. रिलीफ कंपनी तीन दिवस लेट. तीन दिवस एक्स्टेन्शन हवं. ओव्हर."

"टायगर फॉर अल्फा. निगेटिव्ह. डेट फिक्स आहे. ओव्हर."

"रिलीफशिवाय पोस्ट रिकामी राहील. ओव्हर."

"रॉजर. डेट फिक्स आहे. आऊट."

त्या आवाजामागचा माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर दुसरा आवाज होता.

दुपारी दोनला गावाच्या आंब्याखाली बैठक घेतली. ओसी साहेबांनी खरं सांगितलं. आम्ही पहाटे निघतो. सरकारी फौज तीन दिवसांनी येईल. मधले तीन दिवस कुणी नाही. मिशनच्या चर्चपाशी सुरक्षित आवार आहे, दोन दिवसांची पायवाट. जाणाऱ्यांनी आजच निघावं. जंगलापर्यंत बातमी जाऊ देऊ नये.

गावचा मुखिया म्हणाला, "तुम्ही आलात तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतं. आता जाताना कशाला सांगता?"

एक तरुण म्हणाला, तुम्ही पहिल्या महिन्यातच जायला हवं होतं, मग आम्ही आमची राखण शिकलो असतो. एक बाई म्हणाली, माझी पोरं मोठी होईपर्यंत थांबा. दोघंही खरं बोलत होते. आमच्या सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेत यापेक्षा वेगळा मुद्दा निघाला नाही.

बोनिफासनं सगळ्यांचं भाषांतर केलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं बोलला. "जायचं तर जा. पण गेलात हे सगळ्यांना दिसू द्या."

चालता न येणारी काही म्हातारी माणसं सोडून तीन वाड्या बोचकी बांधून संध्याकाळपर्यंत निघाल्या. चौथ्या वाडीचं कुणी बैठकीला आलं नव्हतं. त्यांचा राजमा काढणीला आला होता. मी बोनिफासला तिकडे पाठवलं. तो साडेचारला परत आला.

"मामा एलिझा काय म्हणाली?"

"राजमा काढायला चार दिवस लागतील. ती म्हणते, तुमच्या सीएचएमनं सांगितलंय, घंटा वाजते तोवर फौज आहे. घंटा थांबली की आम्ही निघू."

आता माझं ऐका. बोनिफास यायच्या आधी, चार वाजता, मी ओसी साहेबांना एक युक्ती सांगून आलो होतो. घंटा इथेच ठेवायची. शाळेच्या अंगणातल्या झाडाला टांगायची. बोनिफास पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत ठोके देईल. जंगलवाल्यांना वाटेल कंपनी टेकडीवरच आहे. तीन दिवस निघून जातील.

"सीएचएम, हे ड्रिलच्या पुस्तकात नाही," साहेब म्हणाले होते.

"साहेब, तीन दिवसांची गॅपसुद्धा पुस्तकात नाही."

साहेबांनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "करा."

मी आयुष्यात रचलेली ती सगळ्यात मोठी थाप होती. पितळेची, आणि दर तासाला वाजणारी. मला तिचा अभिमान वाटत होता.

बोनिफास निरोप घेऊन आला तेव्हा मला कळायला हवं होतं. त्याला कळलं. तो म्हणाला, "सीएचएम, जंगल जे ऐकेल तेच चौथी वाडीही ऐकेल."

"तीन दिवस रे. त्यांचा राजमा तरी निघेल."

चौथी वाडी घंटेवर थांबली आहे, हे मी ओसी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते. मला ते ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही.

साडेपाचला शाळेच्या झाडाला घंटा टांगली, शेजारी खुंटी ठोकली आणि मी बोनिफासला ड्रिल शिकवलं. उजवा पाय पुढे. ठोका मधोमध. दोन ठोक्यांत एक श्वास. ठोके संपले की मोगरी खुंटीला. मोगरी हातात घेऊन पाठ फिरवायची नाही. खुंटीला अडकवली म्हणजे ड्यूटी पूर्ण झाली. त्याला दुसऱ्याच फेरीत जमलं. सरकारी फौजेला द्यायचा रेडिओ सेट शाळेतच ठेवला होता. तास वाजवताना बोलायचं बटण दाबून बांधून ठेवायचं, म्हणजे ठोके आम्हालाही ऐकू येतील आणि सगळं ठीक आहे हे कळेल, असं ठरलं.

"आणि कुणी आलंच तर?" त्यानं विचारलं.

"घंटा वाजत असताना कोण येतंय?"

त्यानं मान हलवली. तो आमच्याबरोबर येऊ शकत होता. गाडीत जागा होती. मी त्याला दोनदा विचारलं, हे डायरीत आहे. तो म्हणाला, चौथ्या वाडीतली नऊ पोरं माझ्या शाळेत आहेत.

पहाटे चार पन्नासला आम्ही दिवे न लावता उतरलो. पाचला मागून पाच ठोके आले. बरोबर मधोमध. दत्ता म्हणाला, "साहेब, मास्तर आपल्या संत्र्यांपेक्षा बरा वाजवतोय."

नऊ वाजता नदी आली. गाड्या पलीकडे नेणाऱ्या तराफ्याची तार तुटली होती. कॉन्व्हॉय अडकला. रस्त्यानं बावीस किलोमीटर मागे ते गाव होतं. तारेला पहिला दिवस गेला, दुसरा गेला. दर तासाला आम्ही सेटभोवती जमायचो. ठोके मोजायचो. आधी खरखर, मग ठोके, मग बटण सोडल्याचा आवाज. जवान हसायचे. मी तर काय, त्या दोन दिवसांत ही गोष्ट पुण्यात कशी सांगायची याची रंगीत तालीमच केली. तीत जंगलवाले घंटेला घाबरून शरण येत होते. दत्तानं त्यांची संख्या वाढवून दिली होती.

तिसरा दिवस. सरकारी कंपनी संध्याकाळी पोचणार, असा मेसेज होता.

दहा वाजता दहा ठोके.

अकरा वाजता खरखर आली. ठोके सुरू झाले. आम्ही मोजत होतो. सातवा पडला.

आठवा आला नाही.

खरखर चालू होती. दहा-बारा सेकंद. मग बटण सोडल्याचा आवाज आला आणि सेट गप्प झाला.

"चुकला असेल," सिग्नलमन म्हणाला.

"मास्तर हाय तो," दत्ता म्हणाला. "अकरापर्यंत येतं त्याला."

अकरा तीनला मी ओसी साहेबांना रिपोर्ट दिला. चौथ्या वाडीचंही तेव्हाच सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा पाचला त्यांनी बटालियनला परत जायची परवानगी मागितली. बेस आपल्या ताब्यात नाही, तिथली जबाबदारी आता सरकारी फौजेची, वरून विचारून सांगतो, असं उत्तर आलं.

"वेट. आऊट."

बारा चाळीसला परवानगी आली. एक तास पस्तीस मिनिटं. एवढ्या वेळात आम्ही काय केलं तेही सांगतो. दोन जिप्सी आणि एक ट्रूप कॅरियर वळवून उभे केले. टायर पाहिले. ॲम्युनिशन वाटलं. दत्तानं समोरची काच पुसली. मग पुन्हा पुसली. मग तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा मी म्हटलं, "बस." त्यानं फडकं घडी करून सीटखाली ठेवलं. तोफगोळे आणि दऱ्याखोऱ्यांतून दौड वगैरे मी कट्ट्यावर सांगतो. फौज बहुतेक वेळ अशी असते. परवानगीची वाट पाहत काच पुसणारी.

पहिली जिप्सी आमची. दत्ता चालवत होता, मी शेजारी. एक पस्तीसला उतारावरच्या वळणावर झाडीतून फायर आला. थोडाच. मागच्या गाडीनं उत्तर दिलं आणि तो थांबला. सगळं मिळून मिनिटभर. एक गोळी दत्ताच्या बाजूच्या दारातून आली. त्यानं ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि तो स्टिअरिंगवर वाकला. मी हाक मारली. मग पुन्हा मारली. नर्सिंग असिस्टंट धावत आला, त्यानं पाहिलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

दत्ता काही बोलला नाही. मी कट्ट्यावर सांगितलंय की तो म्हणाला, साहेब, पुढे चला. तसं काही झालं नाही.

त्याला मागच्या गाडीत ठेवलं आणि एक पन्नासला मी स्टिअरिंग घेतलं. मला काही वाटत नव्हतं. हे शौर्य म्हणून सांगत नाही. खरंच काही वाटत नव्हतं. दुसरा गिअर पडत नव्हता, एवढंच डोक्यात होतं.

अडीचला गावात पोचलो. जंगलवाले येऊन गेले होते.

त्या गावात आणि चौथ्या वाडीच्या शेतात आम्ही जे पाहिलं ते मोजलं. मोजणं माझं काम होतं. आयुष्यभर मी आकडे फुगवत आलो. हा आकडा मी कधी फुगवला नाही आणि कधी सांगितलाही नाही. डायरीत आहे.

बोनिफास शाळेच्या दारात होता. कोट घातलेला. झाडापासून बारा पावलं.

घंटा झाडाला टांगलेली होती. मोगरी खुंटीला होती.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते डायरीत नाही. ठोका देताना ज्याला गोळी लागते त्याची मोगरी खाली पडते. सात ठोके. मग मोगरी खुंटीला. मग सेटपर्यंत जाऊन बटण सोडलं. मग दार. त्याला जंगलवाले येताना दिसले होते. उरलेले चार ठोके द्यायला वेळ होता. त्यानं दिले नाहीत.

चार वीसला मामा एलिझा ओढ्याच्या घळीतून वर आली. तिच्यामागे बायका, म्हातारे, पोरं. ती माझ्यासमोर उभी राहून बोलायला लागली. आमच्यापैकी कुणालाच कळेना. दुभाष्या नव्हता.

मग तिनं बोटांनी सांगितलं. सूर्याकडे हात करून दहा बोटं दाखवली, वर एक. म्हणजे अकरा. मग घंटेकडे हात करून सात. मग मान हलवली आणि घळीकडे बोट केलं. सात मोजून ती वाडीतल्यांना घेऊन पळाली होती.

लांबच्या शेतात राजमा काढणाऱ्यांना घंटा ऐकू गेली होती. त्यांनी मोजली नाही. मोजणारे वाचले, नुसतं ऐकणारे कामाला लागून राहिले.

बोलून झाल्यावर ती झाडापाशी गेली. घंटा तिनं स्वतः उतरवली, जड होती, कुणाला हात लावू दिला नाही. आणली आणि माझ्या बुटांपाशी ठेवली. मग मोगरी आणून तिच्यावर ठेवली. मग परत आपल्या माणसांत जाऊन बसली.

सरकारी कंपनी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वाचलेल्यांना आम्ही ट्रकांतून चर्चच्या आवारात सोडलं. त्यानंतर आमचं ते वर्ष संपलं.

देशात आल्यावर मी दत्ताच्या घरी गेलो. पार्थिव आधीच आलं होतं, मानवंदना झाली होती, पुढारी येऊन गेले होते. वडील अंगणात टेम्पोपाशी बसले होते. मी वाटेत बरंच काही रचून ठेवलं होतं. दत्तानं एकट्यानं किती जणांना अडवलं, वगैरे. ते म्हणाले, "बसा, साहेब." मी बसलो.

"गाडी कोण चालवत हुतं?"

"दत्ता."

"त्याच्या म्हागं कुणी चालवली?"

"मी."

त्यांनी मान डोलावली.

"जड हाय का वो त्या गाडीचा गेर?"

"दुसरा जड पडतो."

"त्यो बोलला हुता फोनवर," ते म्हणाले. "दुसरा लय जड हाय म्हून."

एवढंच बोलणं झालं. रचलेलं मी काही सांगितलं नाही. चहा घेऊन निघालो.

केळकर सर, आपण म्हणालात तारखेला निघावं. मी म्हणणार होतो, काम संपेपर्यंत थांबावं. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या असत्या. बोनिफासनं आंब्याखाली जे सांगितलं ते आपल्या दोघांच्याही मुद्द्यांत नव्हतं. गेलात हे सगळ्यांना दिसू द्या. आम्ही निघालो आणि आहोत असं भासवलं. ती युक्ती माझी होती. फौज वेळेवर निघाली की उशिरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. निघताना मी खोटं बोललो, हे ठरलेलं आहे.

युनिटच्या स्मारकाच्या दगडावर नाईक दत्तात्रय खोमणे हे नाव आहे. दरवर्षी त्या तारखेला तिथे गार्ड उभी राहते. बोनिफासचं नाव नाही. बेस बंद झाला त्या दिवशी त्याची नोकरी संपली, त्यामुळे तो कुठल्याच रोलवर नव्हता. मी अर्ज केला होता. पूर्ण नाव कळवा, असं उत्तर आलं. त्याचं आडनाव मी कधी विचारलं नव्हतं. त्यानं माझं नाव विचारलं नव्हतं. मी सीएचएम, तो बोनिफास.

त्या सव्वीस जानेवारीला कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या गोळा होत होत्या. वानखेडे मोगरी टेबलावर टाकून चहाला गेले होते. मी स्टेजवर गेलो. घंटेवरचा हार काढला. चौकटीला खुंटी नव्हती, एक खिळा होता. मोगरी त्याला अडकवली आणि मगच पाठ फिरवली.